मेलबर्नला चालणारा ट्यूनर नाशिकला मुका का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "चुलतभाऊ मेलबर्नहून आला तेव्हा त्याचा जुना यूएसबी डिजिटल ट्यूनर मला देऊन गेला. तिथे तो लॅपटॉपवर मस्त चालायचा. इथे नाशिकला लावला तर दिवा लागतो, विंडोज १० आणि उबुंटू दोन्हींत तो ओळखला जातो, आत रियलटेक आरटीएल२८३२यू चिप आहे असं दिसतं, पण स्कॅन केलं की शून्य वाहिन्या. घरच्या केबलची वायर लावून पाहिली, तरी तेच. आईला सह्याद्री बघायची असते, बाबांना जुने कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायचे आहेत. ट्यूनर बिघडलाय की माझंच काही चुकतंय?"

ट्यूनर बिघडलेला नाही आणि तुमचंही काही चुकत नाहीये. तो ट्यूनर ज्या पद्धतीचा सिग्नल पकडतो, तो नाशिकच्या हवेत नाही आणि तुमच्या केबलच्या वायरमध्येही नाही. ड्रायव्हर बदलून, दुसरं सॉफ्टवेअर टाकून, अँटेना गच्चीवर नेऊन यात काडीचाही फरक पडणार नाही, तेव्हा त्या खटपटी आजच थांबवा. मात्र संगणकावर टीव्ही पाहणं आणि रेकॉर्ड करणं नाशिकला नक्की जमतं. त्याचा रस्ता छपरावरच्या डिशवरून जातो.

आधी ही काडी, म्हणजे तुमचा यूएसबी ट्यूनर, नेमकं काय करते ते पाहू. आत मुख्यतः दोन चिप असतात. पहिली अँटेनाकडून आलेल्या गर्दीतून हवी ती फ्रिक्वेन्सी निवडते. दुसरी, म्हणजे डीमॉड्युलेटर, त्या लहरींमधून आकडे काढते. बाहेर पडतो तो १८८ बाइटच्या पाकिटांचा अखंड प्रवाह, म्हणजे ट्रान्सपोर्ट स्ट्रीम. यूएसबीवरून हा प्रवाह संगणकात येतो आणि चित्र तयार करण्याचं काम संगणक करतो. म्हणजे लॅपटॉपची ताकद लागते ती चित्र उलगडायला. सिग्नल पकडण्याशी तिचा संबंध नाही. सिग्नल कुठल्या पद्धतीचा चालेल हे त्या दुसऱ्या चिपमध्ये कारखान्यातच ठरलेलं असतं. तुमच्या चिपला डीव्हीबी-टी ही एकच पद्धत येते.

ऑस्ट्रेलियात नेमकी तीच पद्धत आहे. तिथलं ॲनालॉग प्रक्षेपण डिसेंबर २०१३ मध्ये पूर्ण बंद झालं आणि मोफत वाहिन्या डीव्हीबी-टीवर आल्या. मेलबर्नचे मुख्य मनोरे शहराच्या पूर्वेला माउंट डँडेनाँगवर आहेत. डोंगरावरून सरळ उपनगरांवर सिग्नल पडतो, त्यामुळे खिडकीत ठेवलेल्या वीतभर अँटेनावरही बऱ्याच घरांत काम भागतं. तुमच्या भावाला तो ट्यूनर "मस्त चालणारा" वाटला याचं कारण ट्यूनरपेक्षा त्या डोंगरात जास्त आहे.

आता आपल्याकडे. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुढची कित्येक वर्षं आपण छपरावरच्या ॲल्युमिनियमच्या काड्या फिरवत, "आता दिसतंय का?" असं ओरडत टीव्ही पाहिला. ते सगळं ॲनालॉग होतं. सिग्नल कमी असला तरी मुंग्यांआडून का होईना, चित्र दिसायचं. २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केलं की सामरिक महत्त्वाच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रं सोडून बाकीचे ॲनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद करायचे. म्हणजे हवेतला जुना सिग्नलही गेला. आणि असता तरी डीव्हीबी-टीच्या चिपला तो कळला नसता.

डिजिटल जमिनी प्रक्षेपण भारतात आलं, पण अर्धवट. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत ते सुरू केलं. महाराष्ट्रातली त्यात दोनच: मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. नाशिक नव्हतं. शिवाय पद्धत निवडली डीव्हीबी-टी२. नावातल्या त्या "दोन"मुळे फार जणांची फसगत होते. ही जुन्याची सुधारित आवृत्ती आहे, मग जुन्या ट्यूनरवर निदान थोडंफार तरी दिसेल, असा समज होतो. तसं काही होत नाही. टी२ मध्ये चुका दुरुस्त करायची गणिती रीत वेगळी, वाहक लहरींची संख्या वेगळी, एका लहरीवर लादायच्या बिट्सची रचना वेगळी. टी२ चा ट्यूनर जुना टी वाचू शकतो. उलटं शक्य नाही. त्यामुळे उद्या तुम्ही हीच काडी घेऊन मुंबईला वरळीच्या टीव्ही टॉवरखाली जाऊन बसलात, तरी शून्यच वाहिन्या येतील.

मोबाइलवर थेट प्रक्षेपण आणायच्या ज्या चाचण्या आपल्याकडे चालल्या आहेत, त्या एटीएससी ३.० या आणखी तिसऱ्याच पद्धतीवर आहेत. त्या भरवशावर टी२ चा ट्यूनरही आत्ता विकत घेऊ नका.

इथे एक हुशार शंका नेहमी येते. आरटीएल२८३२यू ही तीच चिप आहे जिच्यातून कच्चे नमुने बाहेर काढता येतात हे २०१२ च्या सुमाराला लक्षात आलं आणि जगभरच्या हौशी मंडळींना स्वस्तातला सॉफ्टवेअर रेडिओ मिळाला. मग कच्चा सिग्नल आत घेऊन टी२ ची उकल सॉफ्टवेअरमध्येच का करू नये? कारण ती चिप कच्चे नमुने देते तेव्हा तिला भरवशाने साधारण २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचाच पट्टा दिसतो. टीव्हीचा एक चॅनेल ७ किंवा ८ मेगाहर्ट्झ रुंद असतो. पाव-तृतीयांश सिग्नल घेऊन उरलेला अंदाजाने भरता येत नाही.

केबलचं प्रकरण वेगळं आहे. केबलवाला पाठवतो ती डीव्हीबी-सी पद्धत, म्हणून तुमच्या काडीला तिथेही काही सापडलं नाही. आता तुम्ही म्हणाल, मग सी पद्धत कळणारा ट्यूनर आणतो. आणा, मिळतातही, टी२ चे बरेच ट्यूनर सी सुद्धा वाचतात. स्कॅन केलंत तर वाहिन्यांच्या नावांची लांबलचक यादी येईल, मन हरखेल, आणि कुठलंही नाव दाबलंत की काळा पडदा. केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि केबलवाल्यांनी वाहिन्या कूटबद्ध करूनच पाठवायच्या असं ठरलं. मुंबईसारख्या महानगरांत हे २०१२ च्या अखेरीला लागू झालं, पुण्यात २०१३ मध्ये, आणि मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे. कुलूप उघडायची किल्ली सेट-टॉप बॉक्समधल्या कार्डात किंवा चिपमध्ये असते. खासगी डीटीएचचंही असंच. इंटरनेटवरून किल्ल्या पुरवणारे महाभाग आहेत, पण ती सरळ चोरी आहे आणि त्यावर मी काही सांगणार नाही.

मग उरतं काय? डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची ही सेवा २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आज ती ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. महिन्याचं शुल्क नाही, आणि आपल्या कामाचं म्हणजे यातल्या वाहिन्या पाहायला कार्ड लागत नाही. सह्याद्री त्यात आहे. दूरदर्शनच्या इतर वाहिन्या आहेत, आणि लिलावात जागा घेतलेल्या खासगी वाहिन्याही. हा लिलाव वार्षिक असतो, त्यामुळे १ एप्रिलच्या आसपास यादी हलते. काल दिसणारी मराठी वाहिनी आज गायब झाली तर ट्यूनरवर राग काढू नका, पुन्हा स्कॅन करा.

यासाठी जो ट्यूनर हवा तो डीव्हीबी-एस२ चा. तो काडीसारखा नसतो, पुस्तकाएवढी किंवा थोडी लहान डबी असते आणि तिला भिंतीत लावायचा वेगळा अडॅप्टर असतो. लोक विचारतात, यूएसबी आहे तर अडॅप्टर कशाला? हिशोब सोपा आहे. डिशच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबीला (उपग्रहाच्या लहरी घेऊन वायरमधून खाली पाठवणाऱ्या डबीला) वीज ट्यूनरच पुरवतो, त्याच वायरमधून. १३ व्होल्ट दिले की तो उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या, लहरी घेतो, १८ दिले की आडव्या. १८ व्होल्टला २०० मिलिअँपिअर धरले तर ३.६ वॉट झाले. यूएसबी २.० च्या एका पोर्टला द्यायची मुभा असते ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॉट, आणि त्यातच ट्यूनरच्या स्वतःच्या चिपही चालवायच्या. म्हणून अडॅप्टर. जाहिरातीत "एस२" लिहिलेलं आणि अडॅप्टरशिवाय चालतो असा दावा असलेला नग दिसला तर जरा लांबूनच नमस्कार करा.

याच वीजपुरवठ्यावरून एक इशारा. डिशकडून आलेली वायर तुमच्या मेलबर्नच्या काडीला कधीही जोडू नका. तीच वायर कुठल्यातरी स्प्लिटरमधून सेट-टॉप बॉक्सलाही गेलेली असली तर बॉक्सने सोडलेले १३-१८ व्होल्ट काडीच्या नाजूक तोंडात जातील आणि ती जळेल. आणि एस२ च्या डबीलाही वायर फिरवून बसवताना आधी अडॅप्टर काढा. मधली तांब्याची तार बाहेरच्या जाळीला टेकली की ट्यूनरचा वीज देणारा भाग जातो. दुरुस्तीला येणाऱ्या डब्यांत हे दुखणं फार नेहमीचं.

खरेदी करताना किमतीआधी एक गोष्ट पाहा: तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये त्याचा ड्रायव्हर आहे का. तुमच्याकडे उबुंटू आहे ही चांगली गोष्ट आहे. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, बऱ्याच ट्यूनरचे ड्रायव्हर आधीपासून असतात. डीव्हीबीस्काय एस९६० हे त्यातलं एक जुनंजाणतं उदाहरण. टीबीएसच्या डब्यांना कंपनीचे वेगळे ड्रायव्हर घालावे लागतात, आणि दर कर्नल अपडेटनंतर ते पुन्हा बांधायची तयारी ठेवावी लागते. यात खाचखळगा एकच, पण हमखास लागणारा. ड्रायव्हर असतो, पण चिपमध्ये भरायची फर्मवेअरची फाइल वेगळी आणावी लागते. ट्यूनर लावल्यावर कर्नलचे संदेश वाचा. "फर्मवेअर सापडलं नाही" अशा अर्थाची ओळ दिसली तर तिथे फाइलचं नावही लिहिलेलं असतं. ती फाइल फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये टाकायची, डबी काढून परत लावायची. सगळं नीट झालं की डेव्ह फोल्डरात डीव्हीबी नावाचं फोल्डर उगवतं आणि त्यात अडॅप्टर शून्य दिसतो. तो दिसेपर्यंत कुठलंही टीव्हीचं सॉफ्टवेअर उघडू नका, नाहीतर दोष कुठे आहे हेच कळत नाही. विंडोजवर ट्यूनर कंपनीचा ड्रायव्हर आणि डीव्हीबीव्ह्यूअर किंवा प्रोगडीव्हीबीसारखं सॉफ्टवेअर लागेल. पूर्वी विंडोजसोबत मिळणारं मीडिया सेंटर विंडोज १० पासून गेलं. व्हर्च्युअल मशीनमध्ये ट्यूनर चालवण्याच्या फंदात पडू नका. चालला तरी चित्र अडखळतं.

ऑनलाइन दुकानांत "यूएसबी डिजिटल टीव्ही स्टिक" म्हणून जे स्वस्त नग दिसतात ते बहुतेक तुमच्याकडे आहे तेच आहेत, डीव्हीबी-टीचे. वर्णनात एफएम, डॅब, रिमोट, अँटेना, सगळं असतं. भारतात दिसेल असं काही नसतं. आणखी एक जात आहे "इंटरनेट टीव्ही स्टिक" नावाची. त्यात ट्यूनरच नसतो, इंटरनेटवरच्या दुव्यांची यादी असलेलं सॉफ्टवेअर असतं.

आता डिश. नाशिकहून जीसॅट-१५ आग्नेयेला, उत्तरेपासून मोजलं तर साधारण १३४ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे साडेसत्तावन्न अंश वर आहे. पुण्यात १३२ आणि ५९, नागपुरात १४४ आणि ६०, असा थोडाथोडा फरक पडतो. फोनमधल्या होकायंत्राने दिशा धरा, पण डिशच्या लोखंडी पाइपजवळ तो भलतंच दाखवतो, तेव्हा चार पावलं लांब उभं राहून समोरच्या एखाद्या खुणेवर दिशा पक्की करा. उंचीच्या बाबतीत नवशिके हमखास फसतात. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते. तिचा एलएनबी मध्यावर नसून खाली असतो, आणि डिशचा चेहरा प्रत्यक्ष उपग्रहाच्या दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी खाली झुकलेला दिसतो. साडेसत्तावन्न अंश वर बघायचंय म्हणून डिश आभाळाकडे तोंड करून लावलीत तर दिवसभर फिरवूनही काही मिळायचं नाही. मागच्या क्लँपवर अंशांच्या खुणा असतात, त्या हा फरक धरूनच छापलेल्या असतात. त्यांच्यावर विश्वास ठेवा.

दिशा आणि उंची जमली की एलएनबी त्याच्या पकडीत थोडाथोडा फिरवून पाहायचा. उपग्रह आपल्या दक्षिणेला सरळ नसून बराच पूर्वेला असल्याने लहरींचं ध्रुवण आपल्याला तिरकं दिसतं, आणि सरळ उभा लावलेला एलएनबी अर्धवटच सिग्नल देतो. हे करताना सॉफ्टवेअरमध्ये दोन आकडे दिसतात: ताकद आणि गुणवत्ता. ताकदीकडे दुर्लक्ष करा. एलएनबीला वीज मिळाली की रिकाम्या आभाळाकडे तोंड असलं तरी ताकदीचा पट्टा वर जातो. पाहायचा तो गुणवत्तेचा आकडा आणि त्याखालची न सुधारलेल्या चुकांची संख्या. चुका शून्यावर थांबल्या की बोल्ट आवळा, आणि आवळतानाही आकड्याकडे नजर असू द्या, कारण शेवटच्या आवळण्यातच डिश हलते. शेजारी ९५ अंशावरून खासगी डीटीएचचं प्रक्षेपण येतं. गुणवत्ता छान आणि वाहिन्या सगळ्या कुलुपबंद असं झालं तर तुम्ही दीड अंश पुढे गेला आहात.

घरात आधीच फ्री डिशचा बॉक्स आणि डिश असेल तर हे सगळं वाचतं. एलएनबी काढून दोन तोंडांचा लावा, एक वायर बॉक्सला, एक संगणकाला. साध्या स्प्लिटरवर भागवू नका; बॉक्स आणि ट्यूनर एकाच एलएनबीला वेगवेगळे व्होल्ट द्यायला लागले की दोघांचाही खेळ होतो.

सॉफ्टवेअरमध्ये मी टीव्हीहेडएंड सुचवीन. दिसायला रुक्ष आहे, पहिल्या दिवशी शिव्या खातं, पण रेकॉर्डिंगसाठी त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं मला माहीत नाही. ते पडद्यामागे चालतं आणि ब्राउझरमधून ९९८१ पोर्टवर उघडतं. नुसतंच बघायचं असेल तर कॅफीन नावाचं साधं सॉफ्टवेअर पुरे. टीव्हीहेडएंडमध्ये आधी उपग्रहाचं नेटवर्क बनवायचं, एलएनबी "युनिव्हर्सल" निवडायचा, मग ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरचे एकेका फ्रिक्वेन्सीवरचे वाहिन्यांचे गठ्ठे, घालायचे. तयार यादीत ९३.५ अंश असतो, पण ती यादी बऱ्याचदा शिळी असते. फ्री डिशच्या सध्याच्या फ्रिक्वेन्सी प्रसार भारतीच्या संकेतस्थळावरून घेऊन हाताने भरा. सिम्बॉल रेट (सिग्नलचा वेग सांगणारा आकडा) २९५००. इथे एक बारकावा आहे. एमपेग-२ या चित्र दाबायच्या जुन्या रीतीतल्या वाहिन्यांचे ट्रान्सपाँडर साध्या डीव्हीबी-एसवर आहेत आणि एमपेग-४ चे डीव्हीबी-एस२ वर. फ्रिक्वेन्सी बरोबर आणि पद्धत चुकीची निवडली तर स्कॅन निमूटपणे अपयशी ठरतं, चूक कुठली ते सांगत नाही. शंका आली तर दोन्ही प्रकारे भरून बघा.

बाबांच्या रेकॉर्डिंगसाठी या पद्धतीत जी चैन आहे ती साध्या सेट-टॉप बॉक्समध्ये नाही. एका ट्रान्सपाँडरवरच्या वाहिन्या म्हणजे एकाच एसटीतले प्रवासी. ट्यूनरने ती गाडी पकडली की आतले सगळे एकदमच हाती येतात. त्यामुळे एकाच ट्यूनरवर त्या ट्रान्सपाँडरवरच्या तीन-चार वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड होतात आणि पाचवी बघताही येते. दुसऱ्या ट्रान्सपाँडरवरची मात्र तेव्हा मिळत नाही. त्यासाठी दोन ट्यूनरची डबी लागते. साध्या वाहिनीला सेकंदाला दोन-तीन मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला ढोबळ मानाने एक जीबी. एचडीला याच्या काही पट धरा. फाइल जशी हवेतून आली तशीच्या तशी डिस्कवर उतरते, पुन्हा दाबली जात नाही, त्यामुळे जुना लॅपटॉपही हे काम झोपेत करील. वेळापत्रक मात्र वाहिनीकडून आलेल्या माहितीवर सोडू नका. फ्री डिशवर ती माहिती कधी अर्धवट असते, कधी नसतेच. घड्याळाप्रमाणे वेळ लावा, पुढे-मागे दहा मिनिटं जास्त ठेवा. लॅपटॉप आपोआप झोपी जाण्याची सेटिंग बंद करायला विसरू नका. "रेकॉर्डिंग झालंच नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा तेच निघतं.

चित्र बघताना हलणाऱ्या माणसांच्या कडांना दातेरी रेषा दिसल्या तर घाबरू नका. साधं प्रक्षेपण अजून एक सोडून एक ओळी पाठवण्याच्या जुन्या रीतीने येतं. व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस चालू करून यादिफ निवडा, रेषा जातात. रेकॉर्ड केलेलं घरात बघायला ठेवा, यूट्यूबवर चढवू नका. हक्क दुसऱ्यांचे आहेत.

पावसाळ्याचं आधीच सांगून ठेवतो. या लहरींना पाणी सोसत नाही. जुलैत धो-धो लागला की चित्राचे चौकोन होतील, आवाज तुटेल आणि मग सगळंच थांबेल. ॲनालॉगसारखं मुंग्यांमधून दिसणं इथे नाही. असतं तेव्हा स्वच्छ असतं, गेलं की पूर्ण जातं. डिश थोडी मोठी घेतली आणि नेम अचूक बसवला की या व्यत्ययाची मिनिटं कमी होतात, संपत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दिवसा काही मिनिटं सिग्नल जाईल, तेही निरभ्र आकाशात. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट सगळं बुडवून टाकतो. आपोआप सुटतं. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या तर मात्र डिशची वायर लॅपटॉपच्या डबीतून काढून ठेवा.

एवढा खटाटोप नको असेल आणि घरात केबल किंवा डीटीएच चालू असेल, तर बाबांसाठी आडवाटही आहे. सेट-टॉप बॉक्सच्या मागे पिवळी-लाल-पांढरी तोंडं असतील तर साधं यूएसबी कॅप्चर उपकरण घ्या आणि त्यातून ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. चित्र ५७६ ओळींचंच मिळेल, आणि चॅनेल बदलायला बॉक्सचाच रिमोट लागेल. एचडीएमआयच्या तोंडातून बहुतेक बॉक्सवर हे जमत नाही, कारण तिथे नक्कल अडवणारं संरक्षण असतं. याला ट्यूनर म्हणत नाहीत, पण जुन्या मालिकेचा एक भाग जपून ठेवायला पुरतं.

आणि आईचं फक्त सह्याद्रीच असेल तर खरं सांगू, काहीच विकत घेऊ नका. प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फीच्या उद्घाटनात आलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. इंटरनेट बरं असेल तर लॅपटॉपवर तेवढं पुरे. ट्यूनर आणि डिशला अर्थ आहे तो इंटरनेट रडतखडत असलेल्या ठिकाणी किंवा रेकॉर्डिंगची खरी आवड असलेल्या घरात.

मेलबर्नची काडी फेकू नका. उबुंटूवर टीव्हीचा ड्रायव्हर बाजूला करून तिला सॉफ्टवेअर रेडिओ म्हणून चालवलं तर आकाशवाणी आणि खासगी एफएम केंद्रं छान ऐकता येतात, पट्ट्याचा साधारण २.४ मेगाहर्ट्झचा तुकडा एकदम पडद्यावर दिसतो आणि कुठे काय चाललंय ते डोळ्यांनी कळतं. आणि कोणी नातेवाईक डीव्हीबी-टीच्या देशात निघाला तर त्याला द्या. ऑस्ट्रेलियात चालेल. ब्रिटनमध्ये साध्या वाहिन्या दिसतील, एचडीच्या नाहीत, कारण त्या टी२ वर आहेत. शिवाय तिथे लॅपटॉपवर थेट टीव्ही पाहायलाही टीव्ही लायसन्स लागतं. जर्मनीत २०१७ पासून टी२ कडे वळले, तिथे उपयोग नाही. अमेरिकेत एटीएससी आहे, न्यूजर्सीच्या मावशीला पाठवू नका.

फ्री डिशचं करायचं ठरवलंत आणि कुठे अडलात, तर पुढच्या प्रश्नात एवढं लिहा: ट्यूनरचं मॉडेल, तो लावल्यावर कर्नलने दिलेले संदेश, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कुठली पद्धत निवडली, आणि गुणवत्तेचा आकडा. सोबत डिशचा बाजूने काढलेला फोटो. त्या फोटोतच निम्म्याहून जास्त उत्तरं सापडतात.